मोर छाप

डबा हलका लागला, तेव्हाच दगडाबाईला कळलं की काहीतरी चुकलंय.

खाटेखालून तो डबा ओढायला एरवी तिला दोन्ही हात लागायचे. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा, वरचं तोंड कापून झाकण बसवलेलं, आणि आत एकेचाळीस चाकू. प्रत्येक चाकू जुन्या लुगड्याच्या तेलकट फडक्यात गुंडाळलेला. आज खंडेनवमी. वर्षातून ह्या एका दिवशी सगळे चाकू बाहेर यायचे, पाटावर ओळीनं बसायचे, हळदीकुंकू लावून घ्यायचे आणि दसऱ्याच्या संध्याकाळी आपापल्या फडक्यात परत झोपायला जायचे. दगडाबाईनं सवयीप्रमाणे जोर लावला आणि डबा असा सुळकन बाहेर आला की तीच मागं भिंतीवर आपटली.

आत फडकी होती. नुसती फडकी. धुतलेली, वाळवलेली, घड्या घातलेली. साबणाचा वाससुद्धा येत होता.

चोर आला असता तर गॅसची टाकी गेली असती, टीव्ही गेला असता. चाकू नेऊन वर फडकी धुऊन ठेवणारा चोर परभणी जिल्ह्यात अजून जन्मायचा होता. दगडाबाईनं मान वळवून स्वयंपाकघराकडं पाहिलं. सून राजेश्री कणीक मळत होती आणि हसू दाबायला तिनं पदर तोंडात धरला होता. चार वर्षांत दगडाबाईला सुनेचा चेहरा चांगला वाचता यायला लागला होता. ह्या चेहऱ्याचा अर्थ होता की काहीतरी गुपित आहे आणि ते पोटात मावत नाहीये.

"आत्याबाई, जरा दम धरा," राजेश्री म्हणाली. "येतच असतील ते."

ते म्हणजे जीवन, दगडाबाईचा एकुलता एक मुलगा. परभणीला ग्रिल-वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, जिन्याचे कठडे, जे म्हणाल ते करायचा. तो आलाच. मोटारसायकल धुऊन हँडलला झेंडूची माळ बांधलेली, आणि मागं कॅरिअरला पोतं. त्यानं पोतं ओसरीवर आणलं, खाली सतरंजी अंथरली आणि जादूगारानं टोपी उलटी करावी तसं ते अलगद रिकामं केलं.

एकेचाळीस चाकू बाहेर घरंगळले. सकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं आणि छताला इतके कवडसे नाचायला लागले की शेजारची कोंबडी ओसरीवर चढली होती, ती घाबरून उडाली.

"बग माय," जीवन म्हणाला. छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण ताणलं होतं. "तीन दिस सुट्टी झाल्यावर थांबून एकेक घासलाय. आदी ग्राइंडर, मंग बफ. धार बी लावली. परवा त्या मॅडम येणार तं त्यायच्यापुढं गंजके चाकू ठिवणार का आपन? हिचीच आयडिया हाय."

राजेश्रीनं लाजून खाली पाहिलं.

दगडाबाई सतरंजीवर बसली. तिनं एक चाकू उचलला, उन्हात धरला, पालथा केला. खाली ठेवला. दुसरा उचलला. जीवन आणि राजेश्री शेजारी शेजारी उभे होते, निकाल लागायच्या आधी फळ्यासमोर उभी राहतात ना मुलं, तसे. पाचव्या चाकूवर तिचा हात थांबला. त्याच्या पात्यात तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, कपाळावरच्या कुंकवासकट. बाकी काही दिसत नव्हतं.

"मोर कुटं गेला रं?" ती म्हणाली.

"कोन्चा मोर?"

"ह्याच्यावर मोर व्हता. आन मोराच्या खाली तीन ठिपके."

जीवननं डोकं खाजवलं. मग त्याला आठवलं आणि तो खुशीत सांगायला लागला की असं काहीबाही सगळ्यांवरच होतं. कुठं घोडा, कुठं किल्ल्या, कुठं विंचू, शंभर वर्षांचा मळ नुसता. ते काढायलाच तर सगळ्यात जास्त वेळ लागला. सांगता सांगता त्याची नजर आईच्या तोंडाकडं गेली आणि वाक्य अर्ध्यात तुटलं.

दगडाबाईनं चाकू फडक्यानं पुसला. तो काही मळलेला नव्हता.

"चांगलं केलं," ती म्हणाली. "लय चमकायलेत."

मग उठून ती मागच्या दारी गेली आणि रोपांना पाणी घालत बसली. ती रोपं सकाळीच पाणी प्यायली होती.

*

दगडाबाई पिंगळीची. पिंगळी म्हणजे परभणीजवळचंच गाव. स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे म्हणून गावाची मान जरा ताठ असते. गावाच्या अलीकडं दिनकररावांची रोपवाटिका आहे आणि तिथं दगडाबाई चौतीस वर्षं मोसंबीचे डोळे भरत आली होती. मोसंबीचं झाड काही बी टाकून होत नाही. जंबेरी लिंबाचं रोप असतं, त्याला खुंट म्हणतात. खुंटाच्या सालीला वीतभर उंचीवर चिरा द्यायचा, साल उचलायची, चांगल्या मोसंबीच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट काढून त्या खिशात सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी बांधायची. तीन आठवड्यांनी पट्टी सोडली की डोळा हिरवा असला तर झाड, काळा पडला तर सरपण. दगडाबाई दिवसाला सहाशे डोळे भरायची आणि त्यातले काळे पडलेले मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरायची.

पण ती कामाला लागली तेव्हा बायकांच्या हातात चाकू द्यायची पद्धतच नव्हती. पुरुष डोळे भरत पुढं जाणार, बायका मागून पट्ट्या बांधत येणार. कुणी बाईनं चाकू मागितलाच तर ठरलेलं उत्तर होतं, हाताला लागंल. घरी हीच बाई विळीवर दहा माणसांचे कांदे-बटाटे चिरते, तेव्हा तिच्या हाताची काळजी कुणाला नसते, पण ते असो.

दगडाबाई सहा वर्षं सटवाजीच्या मागं पट्ट्या बांधत होती. सटवाजी म्हणजे रोपवाटिकेचा उस्ताद, मोर छाप चाकूवाला. एका हिवाळ्यात त्याच्या अंगठ्यात चाकू घुसला. दोनशे डोळ्यांच्या काड्या ओल्या गोणपाटात कापून ठेवलेल्या, संध्याकाळपर्यंत सुकून जाणार. सटवाजी अंगठ्याला चिंधी गुंडाळून बांधावर बसला होता. दगडाबाईनं कुणाला विचारलं नाही. जमिनीवर पडलेला चाकू उचलला आणि पुढच्या खुंटाला चिरा दिला. सटवाजीनं वीस खुंट होईपर्यंत टक लावून पाहिलं, मग पानाचा डबा उघडला आणि तोंड दुसरीकडं करून पान लावत बसला. त्याच्यासारख्या माणसाकडून ह्याच्यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नसते. तीन आठवड्यांनी दोनशेतले एकशे अठ्ठ्याऐंशी डोळे हिरवे निघाले.

काम सोडताना त्यानं तो चाकू तिला दिला. पात्याच्या बुडाशी मोर, आणि मोराखाली खिळ्यानं ठोकलेले तीन ठिपके. दुसऱ्यानं चुकून उचलू नये म्हणून सटवाजीनंच ते ठोकले होते.

आपल्याला तसाच आणखी एक असावा म्हणून ती बाजारात गेली, तेव्हा कळलं की मोर छाप आता येत नाही. कारखानाच बंद झाला. दुकानदारानं पिवळ्या मुठीचा नवा चाकू दाखवला. त्यानं साल उचलायची सोडून फाटायची. मग दगडाबाई जुन्या चाकूंच्या शोधात लागली आणि हळूहळू तिला नादच लागला. मोर नाही मिळाला तर घोडा, घोडा नाही तर दोन किल्ल्या. परभणीच्या भंगाराच्या पथाऱ्यांवर ती उकिडवी बसून तासन्‌तास उलथापालथ करायची. मानवतला कापसाच्या गाठींच्या दोऱ्या कापायचा एक आखूड चाकू तिला हमालाकडून मिळाला. एका पोस्टमनकडून पोत्यांची सीलं उघडायचा. एका म्हाताऱ्या शिंप्याकडून उसवणीचा, विंचू छाप, पातं झिजून झिजून करंगळीएवढं झालेलं. आणि मिटायचा माशाच्या आकाराचा, तो एसटीच्या ड्रायव्हरकडून, त्यानं आयुष्यभर त्या चाकूनं फक्त पेरू कापले होते. यातला एकही आता कुठल्या दुकानात मिळत नाही.

पैसे ती कधीच देत नसे. स्वतःच्या मागच्या दारी वाढवलेलं एक कलम द्यायचं आणि एक चाकू घ्यायचा. चाकू आणि झाड, सौदा बराबर, असं ती म्हणायची. लोक आधी हसायचे आणि दोन-तीन वर्षांनी मोसंबीची पिशवी घेऊन घरी यायचे. गावानं तिचं नाव चाकूमावशी ठेवलं होतं आणि लग्नात मानपानावरून आवाज चढले की कुणीतरी हमखास म्हणायचं, जरा हळू, चाकूमावशी जेवायला बसलीय.

दुसरा मोरसुद्धा तिला मिळाला होता, नऊ वर्षांनी, मानवतच्याच एका न्हाव्याकडं. त्याला ठिपके नव्हते एवढाच फरक. दोन्हीच्या मुठी पुढं फुटल्या, तेव्हा हौसेनं तिनं सुताराकडून शिसवीच्या एकाच तुकड्यातून दोन सारख्या मुठी करून घेतल्या होत्या. जुळे भाऊ दिसतात, असं तेव्हा ती कौतुकानं सगळ्यांना सांगत फिरली होती. तेव्हापासून दोघांनाही ती डब्यात जपून ठेवायची आणि रोजच्या कामाला रोपवाटिकेतला चाकू वापरायची.

*

आणि परवा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पंकजा मॅडम येणार होत्या. परभणीच्या एका कॉलेजात त्या बागकाम शिकवायच्या. रोपं न्यायला आल्या तेव्हा त्यांनी दगडाबाईच्या चाकूंबद्दल ऐकलं आणि वीस मुली घेऊन येते म्हणाल्या. रोपवाटिकेतच सगळे चाकू मांडायचे, आणि मधोमध सटवाजींचा. तो हातात घेऊन दगडाबाईंनी चार शब्द बोलायचे. दगडाबाईनं ते चार शब्द पाठ केले होते. आठ दिवस ती डोळे भरता भरता ओठ हलवायची.

"मी सांगू का मॅडमला फोन करून?" राजेश्रीनं मागच्या दारी येऊन विचारलं. नाक लाल झालेलं. तिला एव्हाना सगळं कळलं होतं. जीवन ओसरीवर डोकं धरून बसला होता आणि मधूनच एखादं पातं उन्हात तिरकं करून मोर शोधत होता.

"काय सांगतीस?"

"की चूक झाली. माझी. येऊ नका."

दगडाबाईनं तांब्या खाली ठेवला. ती म्हणाली की मॅडमला यायचं ते येऊ दे, चाकू कुठं पळाले नाहीत, आपण आधी कोण कोण आहे ते बघू. आणि पूजेआधीच बघायला हवं, कारण एकदा हळदीकुंकू लागलं की दसऱ्याची संध्याकाळ होईतो हत्याराला हात लावायचा नाही.

तर मग ओसरीवर मोठी मजा झाली. दगडाबाई डोळे मिटून बसली. जीवन एकेक चाकू तिच्या तळहातावर ठेवायचा आणि राजेश्री वही घेऊन तयार. दगडाबाई चाकू तोलायची, मुठीवरून अंगठा फिरवायची, एकदा कानाशी नेऊन नखानं पात्यावर टिचकी मारायची. मग सांगायची. हा घोडा छाप, भंगारातला. हा गाठी कापायचा. हा पोस्टमनचा, मूठ डावीकडं झिजलीय, तो डावरा होता. राजेश्री चिठ्ठी लिहून मुठीला बांधायची. दहा-बारा झाल्यावर जीवननं गंमत म्हणून स्वयंपाकघरातला भाजीचा चाकू मध्येच सरकवला. दगडाबाईनं डोळे न उघडता तो त्याच्या पायावर टाकला आणि म्हणाली, "कांदा चिर जा." राजेश्री इतकी हसली की तिच्या नाकाचा लालपणा गेला. कुंपणापलीकडची माणसं काम सोडून बघायला आली. एकोणचाळीस चाकू ओळखले तिनं, एकही चुकला नाही.

राहिले दोन. एक डाव्या तळहातावर, एक उजव्या. दगडाबाईनं ते तोलले, अदलाबदल करून तोलले, टिचक्या मारल्या. ग्राइंडरनं दोघांनाही सारखंच खाल्लं होतं आणि मुठी तर तिनंच सारख्या करून घेतल्या होत्या. शेवटी तिनं डोळे उघडले आणि दोन्ही चाकू पाटावर शेजारी शेजारी ठेवले, चिठ्ठीशिवाय.

त्या दिवशी पूजा झाली. दुसऱ्या दिवशी दसरा झाला, गावभर आपट्याची पानं वाटून झाली, पुरणपोळ्या झाल्या. दगडाबाई सगळ्यांशी हसून बोलली. पण पाटाजवळून जाताना तिची नजर दर वेळी त्या दोघांवर जायची, आणि राजेश्रीची तिच्यावर.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच दगडाबाई दोन्ही चाकू घेऊन रोपवाटिकेत गेली. तिचा विचार साधा होता. हाताला नाही कळलं तर कामाला कळेल. सटवाजीच्या चाकूनं तिनं लाखांनी डोळे काढले होते, पहिल्या चिऱ्यालाच तो आपली ओळख देईल. मॅडम दहाला येणार होत्या. तिच्या मागोमाग राजेश्री पट्ट्यांचा जुडगा घेऊन आली, न बोलावता.

दगडाबाईनं एका चाकूनं दहा डोळे भरले. पातं लोण्यात जावं तसं जात होतं. मग दुसऱ्यानं दहा भरले. तेही लोण्यातच. जीवननं धार मात्र अशी लावली होती की नाव ठेवायला जागा नाही. तिनं पुन्हा पहिला घेतला. मग तिला एक गोष्ट कळली आणि ती बांधावर बसलीच. पंचवीस डोळे झाल्यावर, कुठला पहिला आणि कुठला दुसरा, हेसुद्धा ती विसरली होती.

"न्हाई सापडत," ती म्हणाली. सुनेला म्हणाली की खुंटाला, सांगता येत नाही.

राजेश्री समोर उकिडवी बसली. बोलू की नको असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मग ती एकदम बोलली.

"आत्याबाई, तुमच्या हातात कळायचं न्हाई. तुमचा हात लय तयार झालाय, चाकू कसा बी असला तरी हात सांभाळून घेतंय. नवख्याच्या हातात दिऊन बगा. जो चांगला असंल तो नवख्याला बी साथ दील."

दगडाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मुद्दा तर बराबर होता. आणि नवखं माणूस समोर एकच होतं.

"हाताला लागंल," तिच्या तोंडून गेलं.

आणि जीभ चावावी तसं तिनं तोंड मिटलं. कारण हे वाक्य तिचं नव्हतं. बांधावर बसून विड्या ओढणाऱ्या त्या सगळ्या माणसांचं होतं ते, चौतीस वर्षांपूर्वीचं. राजेश्री लग्न होऊन आली त्याच महिन्यापासून तिच्यामागं पट्ट्या बांधत होती. दोनदा तिनं विचारलं होतं, मला शिकवता का म्हणून, आणि दोन्ही वेळा दगडाबाईनं हेच उत्तर दिलं होतं.

तिनं चाकू पुढं केला.

राजेश्रीनं पदर खोचला. खुंट धरला, वीतभर मोजलं, आडवा चिरा दिला, उभा दिला. मुठीच्या मागच्या चपट्या टोकानं साल उचलली, न फाडता. काडीवरचा डोळा खालून वर एका ओढीत काढला, देठाला धरून खिशात सरकवला आणि पट्टी बांधली. पट्टी तर ती झोपेतसुद्धा बांधू शकली असती. मग दुसरा चाकू घेतला आणि पुढच्या खुंटाला तसाच डोळा भरला. दगडाबाई गुडघ्यावर सरकत जवळ गेली. डोळ्यांना हात लावून पाहिला, चिऱ्यावरून नख फिरवलं. कुठं खोट काढावी म्हणून पाहिलं आणि सापडली नाही. दोन्ही डोळे असे बसले होते की सटवाजीनं पान लावायला घेतलं असतं.

"कोनी शिकिवलं?"

"तुमीच की," राजेश्री म्हणाली. "मागून दिसतंय समदं."

दगडाबाई हसायला लागली. तिच्या हसण्याला आवाज नसायचा, नुसते खांदे हलायचे. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि विचारलं, मग, कळलं का, कुठला सटवाजीचा? राजेश्रीनं दोन्ही चाकू पालथे-सुलटे केले, अगदी प्रामाणिकपणे विचार केला आणि मान हलवली. दोन्ही चांगलेच चालतात, आत्याबाई. काय करू.

*

मॅडम आल्या. वीस मुली, त्यांच्या वीस मोबाइलसकट आल्या. दिनकररावांनी गोणपाटावर पांढरं धोतर अंथरून चाकू मांडून ठेवले होते आणि पाहुण्यांना चहा सांगून तीनदा झाला होता. मुलींनी चिठ्ठ्या वाचल्या, पेरूवाल्या माशावर सगळ्यांचा जीव जडला. एकीनं विचारलं, इतके जुने असून इतके चकचकीत कसे? सगळ्यांच्या मागं उभा असलेला जीवन ह्या प्रश्नाबरोबर एका रोपामागं गेला.

"माझ्या लेकानं घासले," दगडाबाईनं सांगितलं. "छाप व्हते त्यायच्यावर. मोर, घोडे, विंचू. ते बी गेले घासून. जुनं सामान असं घासायचं नसतंय, तुमी ध्यानात ठिवा. पन धार बगा कशी हाय."

आणि तिनं सगळ्यांसमोर कागदाचा एक कपटा हवेत सोडला आणि चाकूवर झेलला. त्याचे दोन झाले. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि रोपामागचा जीवन हळूच बाहेर आला.

मग मॅडम म्हणाल्या, आता मावशी, सटवाजींचा चाकू घ्या हातात, फोटो काढू. सगळे मोबाइल वर झाले. मधोमध दोन चाकू होते, चिठ्ठी नसलेले. दिनकररावांनी खाकरून दगडाबाईकडं पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. कुठलाही एक उचल, कुणाला काय कळणार, असं ते डोळ्यांनी सांगत होते. आणि खरंच कुणाला काही कळलं नसतं.

दगडाबाईचा हात एकाकडं गेला. मग थांबला.

"मॅडम, ह्या दोन्हीतला एक सटवाजीचा हाय," ती म्हणाली. "कोन्चा ते मला आता सांगता येत न्हाई. खोटं सांगून एक उचलला, तर दुसऱ्याचा मान जाईल. तो सटवाजीचा असला तर?"

पाठ केलेले चार शब्द ती साफ विसरली होती. तिनं मागं वळून राजेश्रीला हाक मारली. राजेश्री लाजून पाण्याच्या टाकीकडं सरकत होती, तिला दोन मुलींनी धरून आणलं. दगडाबाईनं एक चाकू तिच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. "ही माझी सून," ती म्हणाली. "डोळे भरती."

फोटो निघाला. फोटोत दोघी शेजारी शेजारी ताठ उभ्या आहेत, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेले, नजर थेट समोर, आणि दोघींच्या उजव्या हातात छातीशी धरलेला उघडा चाकू. संध्याकाळपर्यंत तो गावच्या ग्रुपवर पोचला. पुढचे आठ दिवस पिंगळीत दुसरा विषय नव्हता. कुणी जीवनला विचारलं, रात्री घरी जायला भ्या वाटत न्हाई का? स्टेशनजवळच्या चहावाल्या बन्सीधरनं तर फोटो मोठा करून टपरीवर चिकटवला. दगडाबाई तिथून जाताना त्यानं विचारलं, "मावशे, येवढं सांग, जिंकलं कोन?"

"अजून चालू हाय," दगडाबाई म्हणाली आणि पुढं गेली.

*

दिवाळीच्या आधी मोठी मागणी आली, पाच हजार रोपांची. दगडाबाईनं तेलाचा डबा उघडला आणि मागं पट्ट्या बांधणाऱ्या बायकांना एकेक चाकू दिला. घोडा एकीला, किल्ल्या एकीला, पोस्टमनचा जो होता तो डावऱ्या निकिताला. पहिल्या आठवड्यात सालींची फाडाफाड झाली, तीन बोटं कापली, दिनकररावांनी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या आठवड्यात ते गप्प झाले.

राजेश्रीच्या त्या पहिल्या दोन डोळ्यांची पट्टी एकविसाव्या दिवशी सोडली. दोन्ही हिरवे होते. दगडाबाईनं फक्त हं म्हटलं आणि पुढच्या खुंटाकडं गेली.

संध्याकाळी दोघी हापशावर हातपाय धुवायच्या, चाकू धुवायच्या, पुसून तेलाचं बोट फिरवायच्या आणि दोन्ही एकाच फडक्यात गुंडाळून खुंटीला अडकवायच्या. सकाळी निघताना फडकं उघडलं जायचं. जी आधी तयार झाली ती एक चाकू उचलायची आणि पायात चप्पल सरकवायची. मागून दुसरी यायची आणि राहिलेला घ्यायची.